कपबशी आणि कप्तानी

या प्रकरणाचं पहिलं वाक्य लिहितानाच अडखळायला होतं. 'बाळू डावखुरी फिरकी टाकायचा' लिहू की 'टाकायचे'? मराठीत क्रियापद आल्याशिवाय वाक्य संपत नाही, आणि क्रियापद आलं की मान दिलाय की नाही ते उघडं पडतं. खेळाडूंना आपण एरवी एकेरीच संबोधतो. सुनील आला, सचिन बाद झाला. त्यात लाड असतो. पण पालवणकर बाळूंना पुण्यात लोक 'ए बाळू' म्हणायचे, तेव्हा त्यात लाड किती आणि जात किती, हे आज कुणालाच निवडून काढता येणार नाही. म्हणून मी अहोजाहो करणार आहे.

शाळांमधले पीटीचे शिक्षक आणि क्लबांचे कोच अशा पंधरावीस जणांपुढे मी हे प्रकरण अधूनमधून मांडतो. प्रश्न साधा असतो: आदर आधीच द्यायचा की समोरच्याला तो कमवायला लावायचा? मैदानावर वाढलेल्या माणसांचं उत्तर तयार असतं. 'आधी रन काढ, मग बोल.' मीही अनेक वर्षं हेच म्हणत आलो. बाळूंची हकीकत नीट वाचली तेव्हापासून ते तोंडातून सहज निघत नाही.

तीन रुपये, चार रुपये, आठ आणे

बाळू बाबाजी पालवणकर चर्मकार समाजातले. आडनाव कोकणातल्या पालवण गावावरून आलेलं, जन्म १८७५-७६ च्या सुमाराचा, धारवाडचा. वडील लष्कराच्या नोकरीत असल्यामुळे बालपण पुण्यात गेलं. छावणीतल्या साहेबांनी टाकून दिलेल्या बॅटी-चेंडूंवर बाळू आणि धाकटे शिवराम खेळायला शिकले. पहिली नोकरी पारशांच्या एका क्रिकेट क्लबात लागली. खेळपट्टी झाडायची, रोलर फिरवायचा, कधीमधी सभासदांना चेंडू टाकायचे. पगार महिना तीन रुपये. १८९२ च्या सुमारास ते पुण्यातल्या गोऱ्यांच्या क्लबात गेले आणि पगार चार रुपये झाला. कामं तीच, शिवाय जाळी बांधणं आणि टेनिसच्या कोर्टावर चुन्याच्या रेघा मारणं.

तिथल्या एका साहेबाने त्यांना सरावाला गोलंदाजी करायला लावली. पुढे कॅप्टन ग्रेग तासन्‌तास त्यांच्यासमोर उभे राहू लागले. हे जॉन ग्लेनी ग्रेग म्हणजे त्या काळातले हिंदुस्थानातले नाणावलेले गोरे फलंदाज. नावाच्या उच्चारावरून गंमतीने त्यांना 'जंगली' म्हणत. (आयुष्याच्या उत्तरार्धात हेच गृहस्थ कॅथलिक धर्मगुरू झाले. या प्रकरणाशी त्याचा काही संबंध नाही, पण सांगितल्यावाचून राहवत नाही.) बाळूंनी आपल्याला बाद केलं की ग्रेग दरवेळी आठ आणे द्यायचे, असं सांगितलं जातं. म्हणजे आठ वेळा दांडी उडवली की महिन्याचा पगार वसूल. 'कमावणं' या शब्दाचा याहून रोकडा अर्थ मला तरी माहीत नाही.

त्या क्लबात त्यांना बॅटिंग मात्र कधी मिळाली नाही. उन्हात हजारो चेंडू टाकायचे आणि बॅट साहेबाच्या हातात. जातीची उतरंड फक्त आपल्याकडच्यांच्या मनात होती असं समजू नये. गोलंदाजी हे राबणाऱ्याचं काम आणि फलंदाजी हे मालकाचं, ही वाटणी गोऱ्यांनाही चांगली मानवली होती.

चहाची वेळ

पुण्यातल्या हिंदूंच्या संघाला गोऱ्यांना हरवायचं होतं. हरवू शकेल असा गोलंदाज रोज गोऱ्यांच्याच मैदानावर रोलर ओढत होता. त्याला घ्यायचं का, यावर संघात दोन तट पडले. तेलुगू खेळाडू अनुकूल होते, काही ब्राह्मण खेळाडू नाराज. अशा वेळी खुद्द ग्रेगनी वर्तमानपत्रातून सांगितलं, की जातीपायी असा गोलंदाज घालवणं हा हिंदूंचा मूर्खपणा ठरेल. शेवटी बाळूंना घेतलं.

मैदानात सगळे एकाच चेंडूला हात लावत होते. चामड्याच्या चेंडूला. चर्मकाराच्या मुलाच्या हातून आलेला तो चेंडू झेलायला कुणाची हरकत नव्हती. हरकत सुरू व्हायची ती चहाला. बाकीचे दहा जण पॅव्हेलियनमध्ये चिनी मातीच्या पांढऱ्या कपबशीतून चहा प्यायचे. बाळूंना बाहेर, मातीच्या बोळक्यातून. प्यायचं आणि फेकून द्यायचं. जेवायला ताट वेगळं, टेबलही वेगळं. हातपाय धुवायचे असले तर क्लबाचा एक अस्पृश्य नोकर किटली घेऊन मैदानाच्या कोपऱ्यात यायचा आणि वरून पाणी ओतायचा.

कपबशीवर इतकं अडून बसायचं कारण कळायला त्या वेळचं पुणं डोळ्यांपुढे आणावं लागतं. या गावात चहा हे नुसतं पेय नव्हतंच. १८९० मध्ये पंचहौद मिशनमध्ये मिशनऱ्यांनी बोलावलं म्हणून गावातली प्रतिष्ठित मंडळी गेली, समोर चहा-बिस्किटं आली, आणि पाहुण्यांची नावं छापून आल्यावर पुण्यात आकाश कोसळलं. त्या यादीत न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळकही होते. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, चौकशी बसली, प्रायश्चित्तं झाली. रानड्यांनीही प्रायश्चित्त घेतलं आणि त्यांचे सुधारक मित्र त्यावरून त्यांच्यावर चिडले. ज्या गावात उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तिपदाला पोचणाऱ्या माणसालाही एका कप चहाचा हिशेब द्यावा लागतो, तिथे मैदान झाडणाऱ्या पोराचा कप कुठे ठेवायचा हे आधीच ठरून गेलेलं होतं.

मग साताऱ्याचा सामना आला. तिथल्या गोऱ्यांच्या जिमखान्याने बाळूंची फिरकी बोथट करायला आठवडाभर खेळपट्टीवर रोलर फिरवून घेतला. बाळूंनी सात बळी घेतले आणि पुण्याचा संघ आरामात जिंकला. परत आल्यावर जाहीर सत्कार झाला, हार घातले गेले. बाळूंबरोबर खेळता, मग त्यांच्याबरोबर खायला-प्यायला काय हरकत आहे, असं रानड्यांनी खेळाडूंना विचारल्याची आठवण सांगितली जाते. पंचहौदचा चहा पचवलेल्या माणसाने ते विचारावं, हे मला फार अर्थपूर्ण वाटतं. टिळकांनीही बाळूंचं कौतुक केलं.

आता हिशेब पाहा. सात बळी घेतल्यावर गळ्यात हार पडला. म्हणजे कमावल्यावर मान मिळाला, आणि 'आधी रन काढ' म्हणणाऱ्यांचं खरं ठरलं. ठरलं का खरोखर? त्या दिवशी चेंडू वळलाच नसता तर बोळकं तसंच राहिलं असतं. संघातल्या इतर दहा जणांपैकी एकाही फलंदाजाने आपली कपबशी धावा काढून मिळवलेली नव्हती. शून्यावर बाद होऊन परतलेल्यालाही ती मिळायचीच.

मुंबई

१८९६ मध्ये प्लेग आला आणि पालवणकर कुटुंब मुंबईला गेलं. तिथल्या हिंदू जिमखान्यात त्यांना घेण्याला काही गुजराती सभासदांचा विरोध होता. तेव्हाचे कप्तान कीर्तिकर यांनी तो बाजूला सारला. मुंबई पुण्याहून मोकळी होती. इथे बाळू आणि शिवराम संघाबरोबर जेवायला बसू लागले.

फेब्रुवारी १९०६ मध्ये बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर हिंदू विरुद्ध युरोपियन असा सामना झाला. हिंदू २४२, युरोपियन १९१. हिंदू १६०, युरोपियन १०२. हिंदू १०९ धावांनी जिंकले आणि दुसऱ्या डावात बाळूंनी ३७ धावांत ५ बळी घेतले. ज्या जिमखान्यात नेटिवाला सभासद होता येत नव्हतं, त्याच्याच अंगणात. 'इंडियन सोशल रिफॉर्मर' या सुधारक साप्ताहिकाने लिहिलं, की या चर्मकार भावांना जिमखान्यात घेतल्यामुळे हजारो हिंदू तरुणांची मनं जितकी मोकळी झाली तितकी दुसऱ्या कुठल्याच प्रयत्नाने झाली नाहीत.

हे कौतुक प्रांजळ आहे. तरी त्यातही श्रेय जातं ते घेणाऱ्यांना.

पुस्तकात जमा, हातात नाही

१९११ साली पहिला अखिल भारतीय संघ पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली इंग्लंडला गेला. २३ सामन्यांपैकी फक्त ६ जिंकले. त्या पडत्या संघात बाळूंनी ११४ बळी घेतले. दुखऱ्या खांद्याने, पस्तिशी उलटल्यावर. परतल्यावर मुंबईतल्या अस्पृश्य समाजाने त्यांचा सत्कार केला आणि तिथे त्यांना मानपत्र देणारा विशीतला तरुण होता भीमराव आंबेडकर.

आता कमावण्यात काही उरलं होतं का? कप्तानीला जे जे लागतं ते सगळं जमेला होतं. ज्येष्ठता होती, बळी होते, इंग्लंडचा अनुभव होता. पण हिंदू संघाची कप्तानी मिळाली नाही. ती मिळाली एम. डी. पै यांना, आणि पैंनी १९१३ च्या फेब्रुवारीत, स्वतःच्याच ज्ञातिबांधवांनी भरवलेल्या समारंभात, उभं राहून सांगितलं की हा मान माझे मित्र बाळू यांना मिळायला हवा होता, ते संघात ज्येष्ठ आणि अनुभवी आहेत. समोर हारतुरे आहेत, आपली माणसं कौतुकाला जमलेली आहेत, आणि सत्कारमूर्तीच म्हणते की हे माझं नव्हे. या सगळ्या हकीकतीत माझा आवडता प्रसंग हाच. अर्थात एवढं बोलून झाल्यावरही कप्तान पैच राहिले, हेही नोंदवायला हवं.

मग १९२० साल उजाडलं. या वर्षाकडे जरा थांबून पाहावं. जानेवारीअखेर आंबेडकरांनी 'मूकनायक' काढलं. मार्चमध्ये माणगावच्या परिषदेत शाहू महाराजांनी अस्पृश्यांना तुम्हाला तुमचा पुढारी मिळाला असं सांगितलं. डिसेंबरात नागपूरला काँग्रेसने अस्पृश्यतेचा कलंक दूर करायचं आवाहन केलं. आणि त्याच डिसेंबरात पुण्यात हिंदू, मुसलमान, पारशी आणि युरोपियन अशा चार संघांचे चौरंगी सामने भरले. मुसलमानांच्या संघाविरुद्धच्या पहिल्या सामन्यातून बाळूंना वगळलं. वय पंचेचाळिशीचं, तेव्हा निवड समितीचं म्हणणं समजून घेता येईल. पण पै आजारी पडल्यावर कप्तानी कुणाकडे जायला हवी होती? बाळूंचे धाकटे बंधू विठ्ठल तेव्हा संघातले अव्वल फलंदाज होते, अनुभवी होते. कप्तानी गेली प्रा. दि. ब. देवधरांकडे. देवधर थोर फलंदाज, त्यांच्या खेळाबद्दल वाद नाही. पण ते विठ्ठलांना कनिष्ठ होते, आणि ते पुण्याचे ब्राह्मण होते.

विठ्ठल आणि शिवराम खेळले नाहीत. नुसते रुसून घरी बसले असंही नाही. जातीमुळे आमची ज्येष्ठता डावलली गेली, असं त्यांनी वर्तमानपत्रातून जाहीर निवेदन दिलं. आज हे वाचताना विशेष वाटत नाही. त्या काळी एका खेळाडूने, तेही त्या जातीतल्या, निवड समितीला चारचौघांत हे सुनावणं म्हणजे कारकीर्द पणाला लावणंच होतं. गवगवा झाला. पारशांविरुद्धच्या पुढच्या सामन्याला पै परतले, बाळूंना परत घेऊन उपकप्तान केलं गेलं आणि भाऊही खेळले. पै मध्ये काही वेळ मैदानाबाहेर राहिले, तेवढा वेळ संघ बाळूंच्या हाती होता.

बाळूंच्या कप्तानीचा हिशेब एवढाच. प्रथम श्रेणीचे ३३ सामने, १५.२१ च्या सरासरीने १७९ बळी, आणि एका सामन्यातले काही तास.

१९२३ मध्ये विठ्ठल हिंदू संघाचे कप्तान झाले आणि युरोपियनांना हरवून संघ जिंकला. लोकांनी विठ्ठलांना खांद्यावर घेऊन नाचवलं. पुढची काही वर्षं संघ त्यांच्याच हाती होता. थोरल्याने वीस वर्षं भरलेल्या खात्यातून धाकट्याला पैसे काढता आले, असं मी वर्गात म्हणतो. आणि ते निवेदन दिलं नसतं तर काढता आले असते का, असंही विचारतो.

वर्गात

इथवर आलो की चर्चा सुरू होते. एक कोच नेहमी म्हणतात, 'सर, यावरून माझंच सिद्ध होतं. बाळू साधे गोलंदाज असते तर त्यांना कुणी ओळखलं असतं का? खेळले म्हणून दारं उघडली.' त्यांचं निम्मं बरोबर आहे. कप्तानी ही कमवायचीच गोष्ट आहे. कुणाच्याही गळ्यात ती उगाच बांधू नये, आडनाव बघून तर नाहीच. पण कपबशी ही कमवायची गोष्ट नव्हे, ती पंगतीला बसलेल्या प्रत्येकाची. या प्रकरणात नेमकं उलटं झालं. जे फुकट द्यायचं त्याला बळींचा भाव लावला, आणि भाव चुकता केल्यावर जे द्यायचं ते द्यायला हात आखडला. मराठीत दोन्हींना आपण 'मान' म्हणतो आणि तिथेच घोटाळा होतो. 'मान मिळवावा लागतो' हे कप्तानीबद्दल म्हटलं तर रास्त आहे. तेच चहाच्या कपाबद्दल म्हटलं की क्रौर्य होतं, आणि म्हणणाऱ्याला फरक कळतही नाही.

पुरेसं कमावलं की बोळकं आपोआप सुटतं, असंही नाही. आंबेडकर १९१८ मध्ये सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. कोलंबियात शिकून आलेले, लंडनमध्ये शिकलेले. स्टाफरूममधल्या पाण्याच्या भांड्याला त्यांनी हात लावण्यावर सहकारी प्राध्यापकांनी हरकत घेतली. याहून जास्त काय कमवायचं? म्हणूनच १९२७ मध्ये महाडला ते चवदार तळ्यावर गेले तेव्हा गुणपत्रिका घेऊन गेले नाहीत. पाण्यावर हक्क सांगितला.

पुढे दोघांच्या वाटा फुटल्या. १९३२ च्या पुणे करारावर दोघांच्याही सह्या आहेत, पण बाळूंचा कल गांधींकडे होता. १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसने आंबेडकरांविरुद्ध बाळूंनाच उभं केलं. आंबेडकर निवडून आले. ज्याला एकदा मानपत्र दिलं त्याच्याशीच लढायची वेळ आली. त्या लढतीत मला आपल्या वर्गातल्या प्रश्नाची दोन उत्तरं समोरासमोर उभी दिसतात, पण यावर मी फार जोर देत नाही. बाळूंनी तो निर्णय का घेतला हे त्यांच्या तोंडून ऐकायची सोय नाही, आणि आयुष्यभर कमावूनच पुढे गेलेल्या माणसाला दुसऱ्याने शहाणपण शिकवू नये. ते १९५५ च्या जुलैमध्ये गेले.

मग मी मंडळींना त्यांच्या स्वतःच्या मैदानावर आणतो. रोलर फिरवणाऱ्याला पोरं काय म्हणतात? 'मामा.' झाडलोट करणाऱ्या बाईंना? 'मावशी.' नातं लावलं की आपल्याला वाटतं आदर झाला. पण 'मामा, पाणी आण ना' हे चौदा वर्षांचं पोर पन्नाशीच्या माणसाला म्हणतं, आणि खऱ्या मामाला ते घरी 'आणता का' विचारतं. मामांचा चहा कशातून येतो, हे मी विचारलं की दोनतीन जण खाली बघतात. एकाने सांगितलं, आमच्याकडे त्यांचा स्टीलचा पेला वेगळा असतो, खिडकीत. जातीमुळे नाही हो, तो त्यांचाच आहे म्हणून. वर्ग गप्प झाला. सांगणाराही.

गेल्या खेपेला मात्र गप्प व्हायची पाळी माझ्यावर आली. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या एक बाई मागे बसून शांतपणे ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, 'सर, एक विचारू? तुम्ही सुरुवातीला सांगितलंत, बाळूंना मी अहोजाहो करणार. फार बरं वाटलं. पण तो किटलीवाला माणूस. त्याने कधी विकेट काढली नाही. त्याला तुम्ही काय म्हणालात?'

टिपण उलटून पाहिलं. 'यायचा' आणि 'ओतायचा' असंच होतं.

वरचं ते वाक्य मी बदललेलं नाही.